दुसरीचे पाय

८ जानेवारी २०२६, गुरुवार

एकशे अठ्ठावन्न, खाली एकशे दोन! पुन्हा पट्टा बांधला तरी तेच. कंपनीच्या डॉक्टरांनी वय विचारलं. तेहतीस म्हटल्यावर चष्म्यावरून बघत बसले, जणू मी खोटं सांगतेय.

गोळी सुरू. रोज सकाळी, आणि गोळीच्या आधी बीपी मोजायचं. मीठ कमी. लोणचं, पापड, शेव बंद. इंदूरमध्ये राहून शेव बंद! इथे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, आणि भूक नसली की नुसतीच शेव. वर जिरावन मसाला भुरभुरवला नाही तर माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही.

गंमत म्हणजे ही गोळी आमच्याच प्लांटमध्ये बनते. पीथमपूरच्या लॅबमध्ये मीच ती तपासते — विरघळते किती, औषध किती. आता स्वतःच्या पोटात घालून तपासायची.

हसायला येत नाहीये खरं तर. आई अर्धांगाने गेली तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे — फार भीती वाटते.

९ जानेवारी, शुक्रवार

सांगलीला दादाला कळवलेलं नाही. लगेच म्हणेल, लग्न कर, बीपी उतरेल.

११ जानेवारी, रविवार

घरमालकीणकाकूंना कळलं. तीळ भाजले होते, ते द्यायला वर आल्या आणि टेबलावरचं बीपीचं मशीन दिसलं. हातातली वाटी तशीच धरून पलंगावर बसल्या.

"तिलाही हेच होतं," म्हणाल्या.

ती म्हणजे इरावती. सुनंदाकाकू आणि गोपीनाथकाकांची एकुलती एक मुलगी. डिसेंबरात मी ही छत्रीबागेतली वरची खोली भाड्याने घेतली, ती तिचीच. खाली बैठकीत तिचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, खाली तारीख — १५ मे २०२४. पहिल्या दिवशी फोटो बघून मी काही विचारलं नाही. एवढ्या तरुण मुलीबद्दल काय विचारणार? आज कळलं, बीपी. या पलंगावर, या भिंतींच्या आत, माझ्यासारखंच बीपी.

काकू खाली गेल्या आणि काशाची छोटी वाटी आणि तूप घेऊन आल्या. म्हणाल्या, पाय इकडे दे. मी संकोचाने मागे सरकले. आईच्या वयाची बाई माझ्या पायांना हात लावणार!

"अगं बेटा, सोच नको ना. सगळी गरमी खेचून घेते ही वाटी."

तळव्याला तूप चोपडलं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल चोळत राहिल्या. हळूहळू तूप काळपट झालं. बघ, गरमी निघाली, म्हणाल्या. मला माहीत आहे ते काय असतं. काशातलं तांबं आणि तुपातली आम्लं. कुठल्याही पायावर चोळा, काळंच होणार. पण बोलले नाही. बोलले असते तर रडू फुटलं असतं. आई गेल्यापासून माझे पाय कुणी हातात घेतले नव्हते.

१३ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, खुशाल चोळून घ्या. मन निवतं, झोप लागते, थोडाफार उतारही पडतो. पण हे गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि चोळल्या चोळल्या मोजलेला आकडा धरायचा नाही, सकाळचाच धरायचा.

काकूंना सांगितलं तर हसल्या. "गोळी घे ना, मी कुठे मना केलं? पण हाथ का असर काही और असतो."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ घेतला आणि काकूंच्या पाया पडायला वाकले. त्या चटका बसल्यासारख्या मागे सरल्या. म्हणाल्या, आमच्याकडे मुली पाया पडत नाहीत. मग स्वतःच वाकल्या, माझ्या दोन्ही पावलांना हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

माळव्यात अशी रीत आहे म्हणे. मुलगी देवीसारखी, पाया तिच्या पडायचं. इथल्या मराठी घरांनीही कधीतरी ती उचलली. असेल. पण आमच्या सांगलीत हे उलटं. माझ्या अंगावर काटा आला. मागे भिंतीवर तिचा फोटो, पुढे माझे पाय, मध्ये वाकलेल्या काकू. नमस्कार कुणाला झाला?

काका दारातून बघत होते. तिळगूळ न घेताच आत गेले.

१७ जानेवारी, शनिवार

या खोलीत काहीतरी आहे. मी शास्त्र शिकलेली बाई असलं लिहितेय, पण आहे.

आरशावर एक मरून टिकली चिकटलेली आहे. तिची. ती काढू नको, असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सकाळी केस विंचरायला उभी राहते तर ती टिकली बरोबर माझ्या कपाळावर येते. एका उंचीच्या असणार आम्ही. आज मुद्दाम बाजूला सरकून केस विंचरले.

आणि काकूंचा अंगठा! चोळताना माझ्या डाव्या पायाच्या करंगळीखाली येऊन तो थांबतो. काहीतरी शोधतो. माझ्या पायाला तिथे काहीच नाही. भोवरी नाही, व्रण नाही. अंगठा एकदा दाबून बघतो, पुन्हा बघतो, मग पुढे जातो. रोज. आज विचारलं, तिला तिथे काही होतं का? काकू म्हणाल्या, हो, चपलेने घट्टा पडला होता, आणि चोळत राहिल्या.

काका तिचं नाव उच्चारत नाहीत. संध्याकाळी माझ्या खोलीतला दिवा लागला की अंगणातून आत निघून जातात. वर बघत नाहीत.

२० जानेवारी, मंगळवार

एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी! सकाळी, गोळीच्या आधी. खाली धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते. इतकं कोण करतं परक्या मुलीसाठी?

२१ जानेवारी, बुधवार

काका-काकू दर बुधवारी खजरान्याला गणपतीला जातात. आज काकू पहाटेच जाऊन परत आल्या त्या उजळलेल्या तोंडाने. मला लाडू भरवला. तिथे नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात, इच्छा पुरी झाली की जाऊन सुलटं काढायचं. काकूंनी आज सुलटं काढलं.

"गणपतीने ऐकलं माझं," म्हणाल्या. "उतरलं ना."

म्हणजे माझ्यासाठी नवस बोलल्या होत्या! ऑफिसात दिवसभर मी उगाच सगळ्यांशी गोड वागले. लॅबमधल्या पलकने विचारलं, काय मॅडम, पगार वाढला का?

टिकलीची भीती गेली. असू दे की. बिचारीची आई आता थोडी माझी आहे.

२४ जानेवारी, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी काकू पाय चोळत होत्या. मी डोळे मिटून पडले होते. खालून काकांच्या रेडिओचा आवाज येत होता. काकूंनी मध्येच अगदी सहज, हात न थांबवता विचारलं, "उलट्या थांबल्या ना आता? सातवा लागला की थांबतात."

मी डोळे उघडले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पायांकडे बघत होत्या.

मी हळूच म्हटलं, काकू, मी स्वानंदी. त्या दचकल्या. वाटी हातातून निसटून फरशीवर खणखणली. तूप पुसत, मान खाली घालून निघून गेल्या.

म्हणजे इरावती गरोदर होती. सातव्या महिन्यात, वाढलेल्या बीपीने गेली — याच पलंगावर? मी काय पांघरून झोपतेय इथे?

२५ जानेवारी, रविवार

भंवरकुआंला दोन हॉस्टेलं बघून आले. खुराडी. कोचिंगची पोरं-पोरी, भिंतीला लागून भिंत. तरी बरं वाटलं, तिथे कुणी मेलेलं नाही. पण संध्याकाळी काकू वाटी घेऊन आल्या आणि मी गुमान पाय पुढे केले. भीती वाटते, तरी ते हात सोडवत नाहीत. काय म्हणावं मला?

२८ जानेवारी, बुधवार

आज बीपी मोजणारच नाही.

प्लांट मेंटेनन्ससाठी बंद होता म्हणून घरी होते. काका-काकू खजरान्याला गेलेले. बेल वाजली. दारात तिशीचा एक माणूस, हातात हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. नाव पंचशील. महूत शाळामास्तर आहे. आधी घरात कोण कोण आहे ते विचारलं. मी एकटीच म्हटल्यावर मोठा श्वास सोडला.

"मॅडम, एक रिक्वेस्ट होती. या घरात काशाची एक वाटी आहे, पाय चोळायची. ती मिळेल का? माझ्या बायकोला हवीय. तिचे पाय खूप सुजलेत, बीपी खाली येतच नाही. गोळ्या चालू आहेत. पण झोप नाही. म्हणते, आईच्या वाटीने चोळलं तर झोप लागेल."

मी विचारलं, तुमची बायको कोण?

"इरावती," तो म्हणाला.

मी दारातून बाजूला झाले. तो आत आला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. चंदनाचा हार. तारीख. हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात गेलं.

"पंधरा मे," तो म्हणाला. "या दिवशी कोर्टात आमचं लग्न झालं."

मग खुर्ची ओढून बसला आणि मी न विचारताच सांगितलं. आम्ही जयभीमवाले, दादाजी फौजेत होते, तेव्हापासून महूचे. इरावतीच्या वडिलांना ही जात चालणार नव्हती. लग्नाच्या दिवशी त्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली, माणूस मेल्यावर करतात ती. एवढं त्याला आणि इरावतीला कळलं होतं. फोटोला हार घातलाय हे माहीत नव्हतं. ती जिवंत आहे. सातवा महिना. डॉक्टर अॅडमिट व्हा म्हणतायत.

मी वाटी दिली नाही! काकूंना न विचारता कशी देऊ, म्हटलं. त्याने नंबर लिहून दिला, पाणीही न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला, तिला फोटोचं सांगणार नाही मी.

२९ जानेवारी, गुरुवार

भुताची भीती गेली, आणि जे आलंय ते भुतापेक्षा वाईट. जिवंत मुलीच्या फोटोला रोज उदबत्ती लावतात. काल मी तिच्यासाठी हळहळत होते. ती वीस-पंचवीस किलोमीटरवर बसून आईची वाटी मागतेय.

आणि आता सगळा उलगडा होतोय. अंगठा. उलट्या. रोज संध्याकाळी "आज किती?" असं विचारताना काकूंचा तो अडकलेला श्वास. काकूंना सगळं ठाऊक आहे. मुलगी आहे, दिवस गेलेत, बीपी आहे. तो नवस माझ्यासाठी नव्हताच. माझा चेहरा हातांत धरला तेव्हाही तो माझा नव्हता.

मला राग आलाय. फार राग. कुणावर ते कळत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आजही पाय पुढे केले. आजही काही बोलले नाही. सांगितलं की हे हात जाणार.

१ फेब्रुवारी, रविवार

पंचशीलचा मेसेज. एकशे बहात्तर, एकशे दहा. उद्या तिला दवाखान्यात हलवतोय. वाटी राहू द्या, असंही लिहिलंय.

"राहू द्या" वाचून कानशिलात मारल्यासारखं झालं. मी चार दिवस ती वाटी माझ्या पायांवर फिरवून घेत होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

काकू आल्या, बसल्या, पाय मांडीवर घेतला. आज किती, विचारलं. मी पाय काढून घेतला. म्हटलं, काकू, माझं एकशे सव्वीस आहे. इरावतीचं एकशे बहात्तर.

हा आकडा मला कुठून कळला, हेही त्यांनी विचारलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "असं कसं? उतरलं होतं ना."

मग तुटक तुटक बोलत राहिल्या. शेजारच्या यामिनीची नणंद महूच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडून चोरून बातमी यायची. दिवस गेले, बीपी निघालं. मग नर्सची बदली झाली आणि बातमी थांबली. त्याच सुमाराला मी मशीन आणलं.

"खोली तिची, पलंग तिचा, बीमारी पण तीच. मला वाटलं गणपतीनेच तुला पाठवलं. इथे तुझं उतरलं की तिथे तिचं उतरेल, असं मी बोलले होते त्याला. म्हणून तर रोज विचारत होते. तुझं उतरलं, मी जाऊन सुलटं स्वस्तिक काढून आले. निश्चिंत झाले गं मी."

मला ओरडायचं होतं. म्हणायचं होतं, माझं गोळीने उतरलंय, मी स्वतः तपासलेल्या गोळीने. तुमच्या हातांनी झोप दिली, ती खरी. पण एकीचे पाय चोळून दुसरीचं रक्त कसं शांत होईल? आणि महू काय परदेशात आहे? जायचं होतं ना सरळ!

यातलं अर्धंच बोलले. त्या वाटी पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "मी आले तर ती येऊ देईल का?"

मी म्हटलं, वाटी तिने मागितलीय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काकू वर आल्या नाहीत. खाली दोघांचा आवाज येत होता. मी दार लावून घेतलं. झोप नाही. पाय गार पडले होते, मोजे घातले तरी.

४ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार असून खजराना नाही. सकाळी बसला निघाले तर काकू बैठकीत तयार होऊन बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वाटी आणि तुपाचा डबा. काका समोरच पेपर धरून. मला बघून काकू उठल्या. म्हणाल्या, मला महूची बस दाखवून देशील?

मी काकांकडे बघितलं. वाटलं, आता ओरडतील. नाही ओरडले. पेपर खाली केला. डोळे सुजलेले होते. माझ्याशीच बोलले, पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघून.

"मी आंघोळ केलीय तिच्या नावाने. ती परत कशी घेतात, तुला माहीत आहे का? मी गुरुजींना पण विचारलं. ते म्हणाले, अशी रीतच नाही."

म्हणजे यांनी विचारलं होतं! कधी विचारलं, कुणाला कळू दिलं नाही. मला त्यांचा तिटकारा यायला हवा होता. तोही आला आणि त्यांच्याजवळ बसावंसंही वाटलं. मी म्हटलं, काका, तुम्हीही चला. त्यांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा वर धरला.

काकूंना पीथमपूरला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्याच बसमध्ये बसवलं, ड्रायव्हरच्या हातापाया पडून. वाटभर त्या एकच विचारत होत्या. सुजलेल्या पायाला वाटी जोरात लावायची की हलकी? मी म्हटलं, आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा. ते म्हणतील तेवढंच, आणि गोळ्या, सलाईन काही थांबवायचं नाही. त्या लहान मुलीसारख्या हो हो करत होत्या. मी पंचशीलला फोन केला होता, तो महूच्या फाट्यावर उभा होता. वाकून त्यांच्या पाया पडला. काकू क्षणभर ताठ झाल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बस सुटली. मी मागे वळून बघितलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पंचशीलचा फोन. काकू काल दुपारपासून तिथेच आहेत. डॉक्टरांनी हलक्या हाताने चालेल म्हटलं. काकूंनी चादर बाजूला केली, पायांना हात लावला, आणि इरावतीने पाय जवळ ओढून घेतले. म्हणाली, "मी तर मेलेय ना, आई. मग हे पाय कुणाचे?"

फोटोचं कुणी सांगितलं तिला, पंचशीलला माहीत नाही.

काकू तेव्हापासून पायथ्याशी बसून आहेत म्हणे. हात लावत नाहीत, उठतही नाहीत.